निसर्गतः उकळलेलं पाणी

१ जानेवारी १९९२, बुधवार. सकाळी ७.

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने मोतीलाल शेठना दिली आणि शेठनी मला दिली, कारण त्यांच्याकडे तशा बऱ्याच झाल्या. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

यंदाचा संकल्प एकच. न उकळलेलं पाणी ओठाला लावायचं नाही. घरी नाही, बाहेर नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. मागच्या वर्षी संकल्प चार होते, त्यामुळे ताकद विभागली गेली.

कारण असं की मी नोकरी करतो त्या शेठच्या मेडिकल स्टोअरच्या भिंतीवर पाण्यातल्या जंतूंचा तक्ता लागला आहे. एक जंतू चपलेसारखा, एक शेपटीवाला, एक नुसता ठिपका. तक्त्याला काच आहे, त्यामुळे गिऱ्हाइकं समोर उभी राहून भांग पाडतात. धुळ्याच्या अख्ख्या देवपुरात तो तक्ता नीट वाचलेला माणूस मी एकटा असेन. बारावी सायन्सला जीवशास्त्राच्या पेपराला मी दोनदा बसलो आहे, म्हणजे इतरांनी एकदा वाचलेलं मी दोनदा वाचलं आहे.

सकाळी उठल्याउठल्या सवयीने माठातलं तांब्याभर प्यायलो. ते मागच्या वर्षात धरलं.

३ जानेवारी, शुक्रवार.

संकल्प उत्तम चालू. वीस मिनिटं उकळणे, फडक्याने गाळणे, झाकून गार करणे. आईचं म्हणणं, रेशनचं रॉकेल असं पाण्यावर जाळलंस तर महिनाअखेर वरण कच्चं खा. मी तिला टायफॉइड समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि स्टोव्ह उचलून आत नेला.

वडिलांचं, म्हणजे आबांचं, वेगळंच. तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. म्हणाले, नवापूरपासून एदलाबादपर्यंत एक नदी सोडली नाही. एकदा रेडिएटरसाठी आणलेलं पाणी प्यायलो, ते सगळ्यात गोड होतं. मी म्हणालो, म्हणूनच तुमचं पोट बिघडतं. आबा म्हणाले, ते तुझ्या आईच्या मठाच्या उसळीने बिघडतं. यावर आई बाहेर आली आणि पाण्याचा विषय मागे पडला.

तडजोड केली. फक्त माझ्यापुरतं उकळायचं, दहा मिनिटं. दहा मिनिटांत वाचणारा जंतू विरळाच.

५ जानेवारी, रविवार.

आधार मामा स्थळ घेऊन आले. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला झुलाल नाना म्हणून केळीवाले आहेत. त्यांची मुलगी कुंदा, चोपड्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मामांनी फोटो आणला होता. केळीच्या बागेत उभी, डोळ्यांवर ऊन आलेलं, त्यामुळे कपाळाला आठी. फोटो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा फक्त केळीची जात ओळखण्यासाठी.

अडचण अशी की आता पौष लागतो, आणि पौषात लग्नाची बोलणी कुणी करत नाही. मात्र पौषातल्या पौर्णिमेला नानांचं घरदार डोंगरात ऊनझिऱ्याच्या देवस्थानाला जातं. नाना मामांना म्हणाले, मुलाला घेऊन या, नुसता पाहुणा म्हणून. बोलू माघात. मामांनी मला याचा अर्थ सांगितला. पोहे नाहीत, खुर्ची नाही, प्रश्न नाहीत. तू कसा चालतोस, कसा खातोस, म्हाताऱ्या माणसाशी कसा बोलतोस ते बघतील. हेच बघणं. माघ लागला की हो किंवा नाही.

याआधी दोन ठिकाणांहून नकार आला आहे. एका ठिकाणी मी चहाचा कप पुन्हा विसळून मागितला म्हणून. दुसऱ्या ठिकाणाहून कारण कळवलं नाही, पण तिथेही कपच होता. आई म्हणाली, हे गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. मलाही हे जाऊ द्यायचं नाही. फोटो मी माझ्याकडेच ठेवला आहे. आईच्या कपाटाला वाळवी आहे.

८ जानेवारी, बुधवार. दुकानात, दुपारी.

सामान जमवलं: वॉटरबॅग, क्लोरीनच्या थेंबांची बाटली, तुरटीचा खडा, मलमलचं फडकं, लहान पातेली. शेठनी विचारलं, मुलगी बघायला चाललास की पटकीच्या साथीला? मी उलट विचारलं, डोंगरातलं पाणी तुम्ही तसंच प्याल का? ते म्हणाले, वाहतं असेल, नितळ असेल, तर पिईन की. मी म्हणालो, जंतूही नितळच असतो. शेठ म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे, आणि मला मागची खोली झाडायला पाठवलं.

खोली झाडताना ठरवलं की नानांच्या घरी या विषयावर आपणहून बोलायचं. असा विचार करणारा जावई त्या भागात सहज मिळत नसणार.

१२ जानेवारी, रविवार.

महत्त्वाचा शोध लागला.

आबा पूर्वी ऊनझिऱ्याच्या जत्रेची जादा गाडी घेऊन जात. ते म्हणाले, तिथला झरा गरम आहे. दगडी गोमुखातून वाफाळतं पाणी पडतं, बाराही महिने, कुणी खाली जाळ न घालता.

दुपारभर विचार केला. आपण पाणी उकळतो ते जंतू मरावेत म्हणून. माझं पाणी दहा मिनिटं तापतं, तेही आई शेजारी गेलेली असताना. पृथ्वी ते पाणी हजारो वर्षं तापवत बसली आहे. म्हणजे ऊनझिऱ्याचं पाणी निसर्गतः उकळलेलं आहे. तिथे थेंब नको, तुरटी नको, पातेली नको. हा माझ्या नियमाला अपवाद नाही, नियमाचा विजय आहे.

आबा आणखी काहीतरी सांगत होते, पण विचाराची साखळी तुटेल म्हणून मी गच्चीवर गेलो. आईला नंतर सांगितलं. ती म्हणाली, मग येताना दोन हंडे घेऊन ये.

१५ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

तिळगूळ बरेच झाले, तहान लागली. पांझरेच्या पुलापाशी उसाचा रस घेतला, बर्फ घालून. हे संकल्पात बसतं. रस हे पाणी नव्हे. बर्फ तर पाणी नव्हेच, तो घन पदार्थ आहे.

१८ जानेवारी, शनिवार. झुलाल नानांच्या घरी, संध्याकाळी.

सकाळच्या गाडीने मामा आणि मी निघालो. अमळनेरच्या स्टँडवर लक्षात आलं की वॉटरबॅगचं झाकण सैल आहे. उकळलेलं पाणी सगळं मामांच्या पॅन्टवर गेलं. मामा म्हणाले, आता मी तरी निर्जंतुक झालो. पुढे तहान लागली की चहा घेतला. चहा उकळतोच. चोपड्यापर्यंत बरेच चहा झाले आणि छाती धडधडायला लागली, पण ती मुलीमुळे असेल.

दारात पोचल्याबरोबर नानांच्या आई, धुरपदाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. मी तांब्या घेतला, आभार मानले आणि त्या पाण्याने पाय धुतले. धुरपदाबाई क्षणभर माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पाय धुवायची बादली शेजारीच होती हे नंतर कळलं. त्यांनी दुसरा तांब्या आणला. त्याने मी चूळ भरली. तिसरा आणला तेव्हा म्हणालो, आत्ताच चहा झाला आहे. सगळ्यांचं समाधान झालं असावं. मामांनी मात्र माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यांचं म्हणणं, घरात पाय टाकून घरचं पाणी न घेणं बरं दिसत नाही. मी म्हणालो, उद्या घेईन, उद्या सगळ्यांसमोर घेईन. उद्याचं पाणी कोणतं आहे हे मामांना अजून माहीत नाही.

कुंदा दोनदा दिसली. फोटोपेक्षा बरी आहे. आठी मात्र उन्हामुळे नव्हती, आहेच.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी, बैलगाडीत. (अक्षर हलतं आहे.)

नदी कोरडी आहे. मध्ये पात्रात गाडी थांबवली. नाना स्वतः वाळूत गुडघे टेकून बसले आणि हातांनी खड्डा उकरला. याला इकडे झिरा म्हणतात. तळाशी गढूळ पाणी जमलं, ते त्यांनी वाटीने उपसून फेकलं. पुन्हा भरू दिलं, पुन्हा फेकलं. मग जे वाळूतून झिरपून आलं ते काचेसारखं. पहिली वाटी पाहुण्याची असते. ती नानांनी माझ्यासमोर धरली.

मी म्हणालो, जरा थांबा. वाटी खाली ठेवायला लावली, घागर भरून घेतली, तीत थेंब टाकले आणि अर्धा तास कुणीही पिऊ नये असं जाहीर केलं. सगळे थांबले. बैल थांबले नाहीत. अर्ध्या तासाने धुरपदाबाईंनी घागरीत नाक घातलं आणि म्हणाल्या, 'धुयाना नयना वास येस.' म्हणजे धुळ्याच्या नळाचा वास येतो. मी म्हणालो, आजी, तोच शुद्धतेचा वास. त्यांनी घागर वाळूत पालथी केली. मग सगळेजण झिऱ्याभोवती बसले आणि वाटीवाटीने प्यायले. नाना म्हणाले, 'बठ्ठा पेतस, आजपावत कोनले काय व्हयनं नही.' म्हणजे सगळे पितात, आजवर कुणाला काही झालं नाही. मी म्हणालो, झाल्यावर कळून काय उपयोग. नाना बैल जुंपायला उठले. मुद्दा पटला असावा.

कुंदाने विचारलं, धुळ्याला तुमच्या घरी सगळे उकळून पितात का? मी हो म्हणालो. 'सगळे' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला. तिने विचारलं, किती वेळ उकळायचं? मी म्हणालो, वीस मिनिटं. ती म्हणाली, आमच्याकडे पावसाळ्यात पोरं आजारी पडतात, तेव्हा करून बघायला हवं. अशी मुलगी हजारांत एक.

मामा कानात म्हणाले, पितांबर, हात जोडतो, यांच्या हद्दीतलं कुठलंही एक पाणी आज यांच्यादेखत पी. मी म्हणालो, मामा, दुपारपर्यंत धीर धरा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

दिवस माझा झाला. क्रमाने लिहितो.

ऊनझिऱ्याला वरच्या अंगाला दगडी गोमुख. तिथे एवढी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही, आणि पाणी हाताला चटका देणारं. तिथून ते पहिल्या कुंडात पडतं, पहिल्यातून दुसऱ्यात, आणि दुसऱ्यातून एका लहान पाटाने खाली वाहत येतं. पाटाशी कुणीच नव्हतं. पाणीही आयतं कोमट, पिण्याजोगं झालेलं. इतकी सोयीची जागा लोकांनी रिकामी का ठेवावी ते कळलं नाही. गर्दीला स्वतंत्र विचार नसतो.

मी पाटावर बसून वॉटरबॅग भरू लागलो. वरच्या कुंडात एक वृद्ध गृहस्थ पिवळं मलम लावलेले पाय सोडून बसले होते. त्यांच्या शेजारी एकजण लंगोट पिळत होता. खेड्यातली माणसं स्वच्छतेत मागे असतात हा समज चुकीचा आहे. पाण्यावर किंचित फेस होता आणि चंदनाच्या साबणासारखा मंद वास. खनिजं.

तेवढ्यात कुंदा खाली आली. म्हणाली, अहो, तुम्ही जिथून भरताय ते... मी तिला थांबवलं आणि निसर्गतः उकळण्याचं तत्त्व सांगितलं. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेपासून सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, ते खरं, पण प्यायचं पाणी वर... मी म्हणालो, वर गर्दी आहे. पुढे सांगू लागलो. ती म्हणाली, अहो, वरचे लोक त्यात... मी म्हणालो, वरच्या लोकांनाही समजावून सांगू, आधी तुम्हाला सांगून पूर्ण होऊ द्या. मग ती हाताची घडी घालून ऐकत राहिली. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

नाना आणि धुरपदाबाई आले तेव्हा मी उठलो. त्यांच्यासमोर वॉटरबॅगचं झाकण भरभरून तीनदा प्यायलो. चव खारट, अंगाला लागल्यासारखी. म्हणालो, नाना, निसर्गाचं पाणी मला वर्ज्य नाही, ते योग्य रीतीने तापलेलं असावं एवढंच. नाना म्हणाले, 'पाहुणा, हाई तं...' मी म्हणालो, नाना, आभार मानायचे नाहीत. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. धुरपदाबाईंनी पदर तोंडात धरला आणि पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. म्हाताऱ्या माणसाला भावना आवरत नाहीत.

मामांना खूण केली की पाणी प्यायलो. मामांनी कपाळावर हात ठेवला. उन्हाचा त्रास होत असेल.

नंतर शेतात भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. भरपूर खाल्लं. वॉटरबॅग सोबत होतीच. ती मी एकट्याने संपवली, कुणी मागितली नाही.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी.

पहाटेपासून बाहेर जाणं चालू आहे. नानांकडे संडास नाही, केळीची बाग आहे.

कारण भरीत. भरीत सगळ्यांनी खाल्लं हे मान्य, पण माझ्या वाट्याला आलेलं वांगं वेगळं असणार.

उजाडल्यावर निघालो तर धुरपदाबाई डबा भरून दारातच उभ्या. म्हणाल्या, 'डबामा बी थेंब टाकू का?' मी म्हणालो, आजी, त्या पाण्याला गरज नसते. त्या म्हणाल्या, बरं, मी आपलं विचारलं. घरात कुणीतरी हसलं. बारीक आवाज होता. मांजर असेल.

आठ वाजता कुंदा मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली. मी विचारलं, पाणी कुठलं? ती म्हणाली, घरचंच, उकळून गार केलंय, चुलीपुढे घड्याळ घेऊन बसले होते, वीस मिनिटं. मी तांब्या तोंडाला लावला. हे सुख मला धुळ्यात कधी मिळालेलं नाही. ती म्हणाली, काल मी तुम्हाला सांगत होते ना, की ते... मी म्हणालो, कालचं वांगं नका काढू, मळमळतं. ती रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

त्याच दिवशी, धुळ्यात, संध्याकाळी.

परतीची गाडी अमळनेरपर्यंत माझ्यासाठी तीनदा थांबली. ड्रायव्हर आबांच्या हाताखाली शिकलेला निघाला, नाहीतर कठीण होतं. प्रवाशांनी सहकार्य केलं. एका बाईंनी मामांना विचारलं, मुलगा कुणाचा? मामा म्हणाले, ओळखीचा आहे.

२२ जानेवारी, बुधवार. दवाखान्यात.

सलाईन. आई उशाशी आहे. लिहायला उजवा हात मोकळा ठेवून घेतला.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं? मी वांग्याचं सांगितलं. त्यांनी पाण्याचं विचारलं. मी निसर्गतः उकळलेल्या पाण्याचं तत्त्व सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, किती गरम होतं? मी म्हणालो, आरामात हात घालता येईल इतकं. डॉक्टर म्हणाले, ज्यात तुम्हाला आरामात हात घालता येतो त्यात जंतूंनाही आरामात राहता येतं.

मी म्हणालो, म्हणजे उकळण्याचा नियमच चूक? ते म्हणाले, नियम अगदी बरोबर आहे. तुम्ही पाळायचा होता.

आई म्हणाली, डॉक्टर, हा घरी माझं रॉकेल जाळतो. डॉक्टर म्हणाले, जाळू द्या.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

२७ जानेवारी, सोमवार.

घरी आलो. तीन किलो कमी झालो, चेहऱ्याला धार आली आहे. माघ लागायला आठवडा. नानांकडून काही निरोप नाही, ही चांगली खूण. नकार असता तर लोक लगेच कळवतात, मला अनुभव आहे.

दिवसभर पुढचा विचार केला. लग्नानंतर दोन स्टोव्ह. एक आईचा, एक पाण्याचा. घड्याळ कुंदाकडे. पावसाळ्यात नानांच्या गावी जाऊन पाण्यावर माहिती सांगायची, तक्ता शेठकडून मागून न्यायचा. तिथल्या पोरांचं भलं होईल. फोटो बघितला. कपाळावरची आठी ही विचारी स्वभावाची खूण आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.

मामा आले. आधी माठातलं पाणी मागून घेतलं, मग बसले.

नाना नाही म्हणाले.

मी विचारलं, झिऱ्याची घागर वाया गेली म्हणून? मामा म्हणाले, नाही, नानांनी ते हसण्यावारी नेलं. पाण्याला इतका जपणारा माणूस बायकोपोरांनाही जपेल, असंच ते आधी म्हणत होते. मी विचारलं, तांब्याने पाय धुतले म्हणून? नाही. आजारी पडलो म्हणून? मामा म्हणाले, आजारी कोण पडत नाही.

मग सांगितलं. पाटातलं ते पाणी अंघोळीचं. खरजेचे, नायट्याचे लोक लांबून येऊन वरच्या दोन्ही कुंडांत अंग धुतात, आणि ते सगळं पाटाने खाली जातं. म्हणून तिथे गर्दी नव्हती. प्यायचं पाणी देवळामागे, गार झऱ्याचं. सगळी जत्रा तेच पिते. लहान पोरालाही माहीत आहे. आबा आतून म्हणाले, मलाही माहीत होतं, सांगत होतो, हा गच्चीवर गेला.

मामा म्हणाले, नानांचं एवढंच म्हणणं पडलं, 'पोऱ्या चांगला शे, पन सांगेल आयकस नही.' पोरगा चांगला आहे, पण सांगितलेलं ऐकत नाही. कुंदाला त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पाणी उकळायचं मला पटलंय, मी जन्मभर उकळेन. पण पाटावर तीनदा सांगितलं, सकाळी चौथ्यांदा सांगायला गेले. उद्या घराला आग लागली तर या माणसाला मी सांगायचं कसं?

आईने स्टोव्ह पेटवून आपणहून माझं पाणी ठेवलं, ते जास्त लागलं.

मी आठवून पाहिलं. ती बोलत होती हे खरं आहे. पण तेव्हा मी बोलत होतो.

२९ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.

आज मामा दुकानात आले. कुंदाचं पाचोऱ्याला जमलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. मी विचारलं, कसा आहे? मामा म्हणाले, फारसं बोलत नाही.

मांडवातल्या पाण्यासाठी क्लोरीनच्या थेंबांच्या बाटल्या हव्या होत्या. नवऱ्या मुलीने सांगितलंय म्हणाले, सगळ्या पिंपांत टाकायचे, त्याशिवाय कुणाला पाणी द्यायचं नाही. धुरपदाबाईसुद्धा आता वासाबद्दल काही बोलत नाहीत. मोतीलाल शेठ म्हणाले, चला, मुलगी नाही तर गिऱ्हाईक तरी मिळालं. मी बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि पिंपाला किती थेंब ते सांगू लागलो. मामा म्हणाले, राहू दे, तिला माहीत आहे.

मामांनी फोटो परत मागितला. मी म्हणालो, वाळवी लागली.

घरी आलो. रॉकेल संपलेलं, सोमवारशिवाय मिळणार नाही. घसा कोरडा पडला होता. माठात तांब्या बुडवला आणि उभ्यानेच प्यायला लागलो. यात संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. आजची तारीख चार वर्षांतून एकदा येते, वर्षाच्या हिशेबात ती धरायची नसते.

आई आतून म्हणाली, अरे, त्या माठातलं... मी तिला मध्ये तोडणार होतो, पण तोडलं नाही. गप्प उभा राहून पीत राहिलो आणि तिला बोलू दिलं. ती म्हणाली, माठ धुवायला काढलाय, सकाळी त्यात पाल पडली होती, पिऊ नकोस.

शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. तोवर तांब्या रिकामा झाला होता.